अभनपुरात स्वतःचं डिझेल: किती पडेल, काय लागेल, कुठे फसाल

उत्तर आधी घ्या. अभनपुरात बसून कच्च्या तेलापासून डिझेल गाळणं तुम्हाला परवडणार नाही आणि कायदाही ते करू देणार नाही. तळणाच्या वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करता येतं, पण त्यात सुटणारे पैसे जाहिरातीतल्या आकड्यांच्या जवळपासही जात नाहीत. टायरचं तेल ट्रॅक्टरच्या टाकीत घालायचं नाही. पंपावरचं डिझेल बॅरलने आणताना जे पैसे गळतात, ते मात्र उद्यापासून थांबवता येतात. या लेखातला सर्वांत कामाचा भाग तोच आहे. घाई असेल तर थेट तिथे जा.

हे कोणासाठी लिहिलंय? रायपूरला घर आणि अभनपूर, राजिम किंवा कुरूदकडे शेती असलेल्या, दोन ट्रॅक्टर, एखादा भाड्याचा हार्वेस्टर किंवा राइस मिलचा जनरेटर चालवणाऱ्या माणसासाठी. वर्षाला पाच-दहा हजार लिटर डिझेल लागतं, लिटरमागे दोन रुपये वाचले तरी बरं वाटतं, आणि मोबाइलवर ‘मिनी रिफायनरी लावा, निम्म्या भावात डिझेल मिळवा’ असले व्हिडिओ येत राहतात. ॲडव्हान्सचा चेक लिहिण्यापूर्वी पुढचं वाचा.

कच्च्या तेलाचा हिशेब

लहान प्रमाणात डिझेल गाळण्याचा उद्योग जगात आहे, आणि तो तेलविहिरीच्या अंगणात चालतो. विहीर आडरानात असते, कच्चं तेल पायाशी असतं, डिझेल मात्र शेकडो किलोमीटरवरून आणावं लागतं. तिथे छोटा गाळणी-प्रकल्प लावून रिग, पंप आणि जनरेटरपुरतं डिझेल जागेवर काढणं फायद्याचं ठरतं. अभनपूरचं गणित बरोबर उलटं आहे. छत्तीसगडमध्ये तेलक्षेत्र नाही. तयार डिझेल मात्र दाराशी आहे. पारादीपच्या रिफायनरीतून इंडियन ऑइलची पाइपलाइन थेट रायपूरपर्यंत येते. ती रिफायनरी वर्षाला दीड कोटी टन कच्चं तेल गाळते. तुमच्या शेडला तिच्याशी भावात टक्कर द्यायची आहे.

‘मिनी’ म्हणजे किती, तेही बघा. आपल्या देशातलं ओळखीचं उदाहरण आंध्रातल्या गोदावरी खोऱ्यात ताटिपाका इथलं. ओएनजीसीची ही मिनी रिफायनरी २००१ मध्ये सुरू झाली. क्षमता वर्षाला ६६ हजार टन, म्हणजे दिवसाला सुमारे १,३५० बॅरल. नॅफ्था, रॉकेल, डिझेल आणि जड इंधन असे पदार्थ तिथे निघतात. कच्चं तेल जवळच्या विहिरींचं, मालक स्वतः तेल काढणारी सरकारी कंपनी, आणि तरीही देशाच्या हिशेबात ती ‘मिनी’. दिवसाला पाच-दहा बॅरलचा प्लांट विकणारा माणूस तुम्हाला जे विकतो त्याला रिफायनरी म्हणणं धाडसाचं आहे.

आता आकडे. कच्च्या तेलाचं बॅरल म्हणजे १५९ लिटर. हिशेबापुरतं कच्चं तेल बॅरलला ७० डॉलर आणि डॉलर ८५ रुपये धरू. बॅरल ५,९५० रुपयांना पडलं. गोदावरीच्या मुखाकडून किंवा गुजरातेतून टँकरने अभनपूरपर्यंत आणायचं भाडं लिटरला ५ रुपये धरा, म्हणजे आणखी ७९५. झाले ६,७४५ रुपये. साध्या ऊर्ध्वपातनात या १५९ लिटरमधून डिझेलच्या पट्ट्यातले साधारण ५० लिटर निघतात. रॉकेलच्या पट्ट्यातले १५ त्यात मिसळले तर ६५. सुमारे ३० लिटर नॅफ्था निघतो, ६० लिटर जड काळं तेल उरतं, बाकीचं जळतं आणि उडतं. काळं तेल भट्टीवाल्याने लिटरला ३० रुपयांनी उचललं तर १,८०० परत आले. नॅफ्था परवान्याशिवाय विकता येत नाही, ठेवणंही धोक्याचं, म्हणून त्याचे शून्य धरा. उरले ४,९४५ रुपये, भागिले ६५ लिटर. लिटरला ७६ रुपये.

सेल्समन इथेच थांबतो. तुम्ही थांबू नका. डिझेल अजून जीएसटीबाहेर आहे आणि त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क लागतं. ते विक्रीवर नसतं, बनवण्यावर असतं. म्हणजे स्वतःच्या ट्रॅक्टरमध्ये ओतलं तरी शुल्क चुकत नाही. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर ते लिटरला १७.८० रुपये झालं. बेरीज करा: जवळपास ९४ रुपये. २०२५ मध्ये रायपूर परिसरात पंपावर डिझेल ९३ रुपयांच्या आसपास होतं. आणि तुमच्या ९४ मध्ये मजुरी, वीज, कर्जाचं व्याज, परवाने, केमिस्टचा पगार, विमा यांतलं काहीच आलेलं नाही. कच्च्या तेलाचा आजचा भाव, डॉलर आणि शुल्क टाकून हाच हिशेब पुन्हा करा. कच्चं तेल स्वस्त झालं की पंपवाल्या कंपनीलाही ते स्वस्तच मिळतं, हे लक्षात ठेवा.

कच्चं तेल मिळेल का, हा प्रश्न वेगळाच. १ ऑक्टोबर २०२२ पासून देशात काढलेलं कच्चं तेल देशातल्या कुठल्याही खरेदीदाराला विकण्याची मुभा उत्पादक कंपन्यांना मिळाली. व्हिडिओवाले याच निर्णयाचा दाखला देतात. पण कंपनी माल देते तो परवाना, टाकी आणि बँक हमी असलेल्या गिऱ्हाइकाला. शेतातल्या शेडला चार बॅरल सुटे कोणी देत नाही. ‘आम्ही क्रूड पुरवू’ असं कोणी म्हणालं तर त्याचा स्वतःचा खरेदी करार आणि बिल मागा. त्याचं ‘क्रूड’ बहुतेक वेळा वापरलेलं इंजिन ऑइल, जहाजांचा गाळ किंवा टायरचं तेल निघतं.

कागद कोणते, किती दिवस

पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे, आणि त्याच्या कलम ५ मध्ये उत्पादन, शुद्धीकरण आणि मिश्रण या तिन्ही गोष्टी नियमांनुसारच करता येतात असं लिहिलंय. ‘घरच्यापुरतं’ अशी सूट त्यात नाही. आराखड्याची मंजुरी पेसो, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडून घ्यावी लागते. या खात्याचं मुख्यालय नागपूरला आहे, रायपूरलाही कार्यालय आहे.

त्याआधी पर्यावरण मंजुरी. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत पेट्रोलियम शुद्धीकरण हा उद्योग ‘अ’ गटात आहे, आणि त्यात आकाराची खालची मर्यादाच नाही. दिवसाला एक बॅरल गाळा की एक लाख, अर्ज दिल्लीच्या मंत्रालयातच जातो. एका हंगामाची पर्यावरण-आकडेवारी म्हणजे तीन महिने. जनसुनावणीला नियमाप्रमाणे ४५ दिवस. तज्ज्ञ समितीला ६० दिवस, निर्णयाला आणखी ४५. आठ महिने कागदावरच झाले, तेही सल्लागाराने अहवाल एका दमात बरोबर लिहिला तर. मग नवा रायपूरच्या छत्तीसगढ पर्यावरण संरक्षण मंडळाची स्थापनेची आणि चालवण्याची अशा दोन संमती. जिल्हाधिकाऱ्यांचं ना-हरकत, त्याला नियमात तीन महिन्यांपर्यंत मुदत. शेतजमिनीचं डायव्हर्शन. अग्निशमन. कारखाना नोंदणी. उत्पादन शुल्काची नोंदणी.

‘परवान्याचं आम्ही बघतो’ हे वाक्य ऐकलंत की खिशावर हात ठेवा. परवाना तुमच्या नावाने निघतो. नाही निघाला तर गुन्हाही तुमच्याच नावाने दाखल होतो. डिझेलच्या पुरवठ्याचे आणि भेसळीचे नियम जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येतात. शिक्षा तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. माल आणि वाहन जप्त होतं ते वेगळंच.

मशीनच्या कोटेशनमध्ये काय नसतं ते विचारून घ्या: पाया आणि शेड, चिमणी, धूर धुण्याची यंत्रणा, थंड पाण्याचा मनोरा, आगीच्या पाण्याची टाकी आणि पंप, ठिणगी-रोधक वायरिंग, वाहतूक, उभारणी, चाचणीचे दिवस, जीएसटी. ‘सोळा लाखांत प्लांट’ म्हणजे सोळा लाखांत लोखंड. ॲडव्हान्सपूर्वी एकच कागद मागा: याच आराखड्याला पेसोने कुठे मंजुरी दिली त्याचं पत्र. ते दाखवणारा विक्रेता भेटला तर पुढे बोला.

ड्रमखाली जाळ लावणाऱ्यांसाठी

काही जण म्हणतील, एवढं कशाला, दोनशे लिटरचा ड्रम, वर पाइप, पाइप पाण्याच्या हौदातून नेला की झालं. ते कसं होतं ते बघा. जाळ लागल्यावर सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास पहिली धार येते. पाण्यासारखी स्वच्छ, वास पेट्रोलचा. सगळ्यांत घातक हीच. तिची वाफ हवेपेक्षा जड. वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते, आणि जमिनीवर तर तुम्हीच जाळ लावलेला आहे. दीडशेच्या पुढे रॉकेल येतं. अडीचशे ते साडेतीनशे अंश हा डिझेलचा पट्टा. धार पिवळसर, वास उग्र. तोवर ड्रमचं बूड लाल व्हायला आलेलं असतं आणि तळाशी काळा गाळ चिकटून कोळसा होत असतो. पुढच्या घाण्याला तिथेच पत्रा फाटतो. नायजेरियाच्या इमो राज्यात एप्रिल २०२२ मध्ये अशाच एका बेकायदा गाळणीत स्फोट होऊन शंभरावर माणसं मेली.

पिवळी धार निघाली म्हणजे डिझेल झालं, असंही नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ डिझेल आहे. त्यात गंधक दहा लाखांत १० भागांपेक्षा जास्त चालत नाही. सीटेन क्रमांक किमान ५१, आणि पेट घेण्याचं तापमान ३५ अंशांच्या खाली नको. गंधक ऊर्ध्वपातनाने जात नाही. त्याला हायड्रोजनचा उच्च दाबाचा विभाग लागतो, तो छोट्या प्लांटमध्ये नसतो. जुना ट्रॅक्टर चार दिवस ओढेल. २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ मानक लागू झालं, त्यांचं इंजेक्शन आणि धुराची यंत्रणा असलं इंधन सहन करत नाही. तुमच्या डीलरला चार इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंपाचा भाव आजच विचारा आणि तो आकडा या कल्पनेशेजारी लिहून ठेवा.

बायोडिझेल: होतं, पण

छत्तीसगडला हा विषय नवा नाही. २००५ मध्ये राज्याने बायोफ्युएल विकास प्राधिकरण काढलं, रतनजोतीची लागवड झाली, बियांपासून डिझेलची स्वप्नं पडली. तुमच्या बांधावर रतनजोत अजून उभी असेल, पण हिशेब साधा आहे: लिटरभर तेलाला सुमारे चार किलो बी लागतं. बी किलोला २५ रुपये पडलं तर नुसतं कच्चं तेलच १०० रुपये. तो रस्ता सोडा.

वापरलेल्या तळणाच्या तेलाचं गणित जरा बरं दिसतं. तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १ जुलै २०१८ पासूनचा नियम आहे. हॉटेल आणि फरसाणवाल्यांना ते काढावंच लागतं. समजा तुम्हाला ते किलोला ६० रुपयांनी मिळालं. १०० किलो तेल ६,०००. मिथेनॉल २० किलो, ३५ रुपयांनी ७००. कॉस्टिक पोटॅश १५०. वीज, धुणं ३००. मजुरी ५००. एकूण ७,६५०. हाती ९२ किलो, म्हणजे १०४ लिटरच्या आसपास. लिटर ७३ रुपयांना. बायोडिझेलची ताकद लिटरमागे सात-आठ टक्के कमी, म्हणून डिझेलच्या तोडीचा भाव ८० रुपये धरा. पंपाच्या ९३ शी तुलना केली तर लिटरमागे १३ सुटले.

व्हिडिओ इथे संपतो. पण डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळायचं ते २० टक्क्यांपर्यंत, आणि इंजिनवाल्याने लेखी चालेल म्हटलं तरच. मग टाकीतल्या दर लिटरमागे वाचले १३ चा पाचवा हिस्सा: २ रुपये ६० पैसे. वर्षाला पाच हजार लिटर जाळत असाल तर १३ हजार रुपये. एवढ्यासाठी मिथेनॉल घरी आणायचं का, हे तुम्ही ठरवा. ते विष आहे, डोळे घालवतं, ११ अंशांनाच पेट घेणारी वाफ सोडतं, आणि ते ठेवायला राज्याच्या विष नियमांखाली परवाना लागतो. धुण्याचं साबणी पाणी नाल्यात सोडता येत नाही. दर १०० किलोमागे दहाएक किलो काळं ग्लिसरीन उरतं, त्याला गिऱ्हाईक शोधावं लागतं. आणि ६० रुपयांचं तेल अभनपुरात तुमची वाट बघत बसलेलं नाही. रायपूरच्या हॉटेलांमधून ते उचलणारे ठेकेदार आधीच ठरलेले असतात.

विकायचं असेल तर खेळ बदलतो. ३० एप्रिल २०१९ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डिझेलमध्ये मिसळण्यासाठी बी-१०० म्हणजे शुद्ध बायोडिझेल विकायला नोंदणी लागते, माल आयएस १५६०७ मानकाचा लागतो. पंपावरून आयतं मिश्रण विकणं तुम्हाला जमणार नाही. ज्यांना खरंच करायचं आहे त्यांनी घरगुती किट घेऊ नये. चार-पाच राइस मिलवाल्यांनी आणि हॉटेलवाल्यांनी मिळून, पूर्ण परवान्यांसह, तेल कंपन्यांना पुरवठा करण्याच्या इराद्याने उतरावं. एकट्याचं हे काम नाही.

टायरचं तेल आणि ‘इंडस्ट्रियल डिझेल’

जुने टायर बंद भांड्यात तापवून वजनाच्या सुमारे चाळीस टक्के तेल निघतं. पोलाद, सिमेंट, चुन्याच्या भट्टीला ते चालतं. त्यात गंधक साधारण एक टक्का, म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. वर सांगितलेली मर्यादा १० होती. हेच तेल गाळून, माती घालून रंग उडवून ‘इंडस्ट्रियल डिझेल’, ‘एलडीओ’ किंवा ‘बायो’ म्हणून ट्रकवाल्यांना विकलं जातं. २०२१ च्या सुमारास महाराष्ट्रात आणि गुजरातेत बायोडिझेलच्या नावाने चाललेल्या बेकायदा पंपांवर धाडी पडल्या, त्या याच धंद्याच्या भावंडांवर.

ओळखायचं कसं? बिल बघा. हाय स्पीड डिझेलवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे. बिलावर १८ टक्के जीएसटी लावलेला असेल तर ड्रममध्ये काहीही असो, डिझेल नाही. बिलच देत नसेल तर बोलणंच संपलं. वास उग्र, बोटाला काळपट डाग, भाव पंपापेक्षा दहा-पंधरा रुपये कमी: यांतलं एकही दिसलं तर घेऊ नका. पकडला गेलात तर ‘मला डिझेल म्हणून दिलं’ हे सिद्ध करायला तुमच्याकडे कागद नसतो. आणि शेडला आग लागली तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न साठ्याबद्दलच असतो.

बॅरलने आणताना

आता कामाचा भाग. शेतावर किंवा मिलमध्ये डिझेल ठेवायला केव्हा परवाना लागतो? डिझेल ‘ब’ वर्गात येतं. एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि कुठलंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर परवाना लागत नाही. म्हणजे दोनशे लिटरचे बारा ड्रम बसतात. शेतकऱ्याला एवढं पुरतं. त्यापुढे बॅरलमधला साठा २५,००० लिटरपर्यंत जिल्हा प्रशासनाच्या परवान्याने, आणि मोठ्या टाकीतला साठा पेसोच्या. पेट्रोलची गोष्ट वेगळी: बिगरविक्री फक्त ३० लिटर. दोन्ही एकाच खोलीत ठेवू नका.

पंपावर जाताना न्या: लोखंडी ड्रम, झाकणाला वॉशर, आधार, ट्रॅक्टरचं आरसी, शेतीचा बी-१ आणि खसरा. कागद प्रत्येक वेळी मागतीलच असं नाही, पण हंगामात, किंवा जिल्ह्यात टंचाईची चर्चा असली की पंपवाले बॅरल भरायला कचरतात. कागद असले की वाद होत नाही. मिलवाले असाल तर जीएसटी नोंदणी आणि जनरेटरचे कागद. प्लास्टिकचा कॅन घेऊन जाऊ नका. भर कापणीच्या दिवसांत संध्याकाळी जाऊ नका. सकाळी लवकर गेलात तर रांग कमी असते आणि मोजून घ्यायला वेळ मिळतो.

मोजून घेणं म्हणजे काय? मीटर शून्यावर बघणं हे झालंच. ‘दोनशेचा ड्रम भरा’ असं कधी म्हणू नका. ड्रम काठोकाठ भरला तर त्यात दोनशेपेक्षा जास्त मावतं, आणि नेहमीच्या खुणेपर्यंत भरला तर कधी कमी. लिटर सांगा, मीटरवर वाचा, बिलावर तेच लिटर येतात का बघा. शंका आली तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. प्रत्येक पंपावर ते असावंच लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरचा फरक चालतो, त्यापुढे नाही.

घनता तपासणं फुकट आहे आणि फार थोडे लोक मागतात. पंपवाला काचेच्या उंच नळकांड्यात डिझेल घेतो, त्यात हायड्रोमीटर तरंगतो, शेजारी थर्मामीटर. नजर द्रवाच्या पातळीला आणून आकडा वाचायचा, वरून वाकून बघितलं तर चुकतो. तापमान लिहायचं, तक्त्यावरून १५ अंशांचा आकडा काढायचा आणि त्या दिवशीच्या फलकावर लिहिलेल्या घनतेशी ताडायचा. फरक घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त निघाला तर माल घेऊ नका, नोंदवहीत लिहायला लावा. पाच मिनिटांचं काम आहे. हजार लिटर घेताना पाच मिनिटं द्याच.

बॅरलमागचे लपलेले खर्च असे: ड्रमचं भाडं किंवा किंमत, छोटा हत्ती किंवा पिकअपचं भाडं, हमालाची उचल, हातपंपाने काढताना सांडणारं, आणि रात्री निघून जाणारं. शेवटच्या दोन गोष्टींचा हिशेब कोणी ठेवत नाही आणि तिथेच वर्षाचे हजारो जातात. ड्रम लाकडी पट्ट्यांवर, सावलीत, जरा तिरपा ठेवा, म्हणजे पाणी एका कडेला साचतं. काढताना तळाचे चार बोटं सोडा. ड्रमवर खडूने तारीख आणि लिटर लिहा. वही ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरकडे नको, घरच्याकडे ठेवा. एवढ्याने वाचणारी रक्कम बायोडिझेलच्या १३ हजारांना सहज गाठते.

बाउझरने, म्हणजे पंप बसवलेल्या टँकर-गाडीने, घरपोच डिझेल मागवायचं असेल तर तीन गोष्टी विचारा: गाडी पेसोची मान्यता असलेली आहे का, किमान किती लिटर, आणि डिलिव्हरीचा आकार किती. डिझेलचा भाव पंपाचाच हवा. आकार वेगळ्या ओळीत हवा, त्यावर जीएसटी येईल. ‘सगळं धरून’ भाव सांगणाऱ्याकडून घेऊ नका.

थोकात, म्हणजे कंपनीकडून थेट टँकरने? राज्याने २०२५ मध्ये थोक डिझेलवरचा व्हॅट २३ वरून १७ टक्के केला, त्यामुळे खाण आणि बांधकामवाल्यांना फायदा झाला. पण परवान्याची टाकी लागते, आणि थोकाचा मूळ भाव पंपाच्या भावाप्रमाणे चालत नाही. मार्च २०२२ मध्ये थोक डिझेल पंपापेक्षा लिटरमागे पंचवीस रुपयांच्या आसपास महाग झालं होतं. वर्षाला दहा हजार लिटर वापरणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. गोंदियाच्या नातेवाइकाकडून बॅरल आणण्याचा विचारही सोडा: गाडीच्या टाकीतलं चालतं, ड्रममधलं दुसऱ्या राज्यातून आणलं की व्हॅटचा प्रश्न उभा राहतो आणि भाडं वेगळं.

तक्रार कुठे? माप कमी असेल तर विधिक मापविज्ञान विभाग, भेसळ किंवा बेकायदा विक्री असेल तर रायपूर कलेक्टोरेटचा खाद्य विभाग किंवा अभनपूरचे एसडीएम. पंप कोणत्या कंपनीचा आहे ते बघून तिच्या विक्री अधिकाऱ्याकडे लेखी द्या. त्याचा फोन पंपावर लावलेला असावा लागतो. कुठेच दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. सोबत बिल, तारीख, वेळ, नोझलचा क्रमांक आणि शक्य असेल तर बंद बाटलीत लिटरभर नमुना, काचेच्या नाही, ॲल्युमिनियमच्या बाटलीत.